आरसे ठसठशीत, आजी धूसर!

समजा, रामनवमीच्या यात्रेला तुम्ही वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, पोहरादेवीला गेला आहात. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला देशभरातून बंजारा भाविक आले आहेत. चैत्राचं ऊन मी म्हणतंय. समोर घागऱ्यासारखा फेटिया आणि चोळीसारखी कांचळी घातलेल्या एक आजी उभ्या आहेत. कांचळीवर टाके घालून बसवलेले छोटे छोटे आरसे, गालांवर लोंबणारी चांदीची घुगरी, डोक्यावरून घेतलेली रंगीत ओढणी. तुम्ही विचारता, "आजी, एक फोटो काढू का?" आजी हसून मान डोलावतात. खटॅक!

घरी येऊन फोटो मोठा करून पाहता, तर कांचळीवरच्या एकेका आरशाभोवतीचा टाका मोजून घ्यावा इतका स्पष्ट. आणि आजींचे डोळे? धूसर!

कॅमेरा बिघडलेला नाही बरं का. मग त्याने असं का केलं? हे कळायला त्याच्या पोटात शिरावं लागेल.

भिंगातून आलेला प्रकाश आत एका सेन्सरवर पडतो. वस्तू जवळची असेल तर भिंग थोडं पुढे सरकावं लागतं, लांबची असेल तर मागे. हे सरकवणं कॅमेरा स्वतःच करतो, त्यालाच ऑटोफोकस म्हणतात. पण योग्य जागा आली हे त्याला कसं कळतं? एक रीत अशी : कॅमेरा चित्राचा एक तुकडा निवडतो आणि त्यातल्या उजेड-काळोखाच्या कडा तपासतो. चित्र धूसर असेल तर काळं आणि पांढरं एकमेकांत मिसळून करडं होतं. चित्र स्पष्ट झालं की कड धारदार होते. म्हणून भिंग सरकवत राहायचं आणि कड सर्वांत धारदार कुठे होते ते पाहायचं. गंमत म्हणजे ती जागा ओलांडून पुढे गेल्याशिवाय कॅमेऱ्यालाही खात्री होत नाही. धुक्यात टेकडी चढणाऱ्याला माथा कळतो तो उतार लागल्यावरच, तसं! फोटो काढताना पडद्यावरचं चित्र क्षणभर धूसर-स्पष्ट-धूसर होऊन मग स्थिरावतं, ते यामुळे.

दुसरी रीत जास्त चलाख आहे. हात लांब करून अंगठा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो ना? कॅमेराही भिंगाच्या डाव्या बाजूने आलेलं चित्र आणि उजव्या बाजूने आलेलं चित्र ताडून पाहतो. दोन्ही तंतोतंत जुळली तर फोकस बरोबर. जुळली नाहीत तर ती किती आणि कोणत्या बाजूला सरकलीत यावरून भिंग किती न्यायचं, पुढे की मागे, हे त्याला एकदम कळतं. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये या दोन्ही रीती हातात हात घालून चालतात.

आता पुन्हा आजींकडे बघू. ओढणीच्या सावलीतला चेहरा मऊ, एकसारखा, फारशा कडा नसलेला. आणि आरसे? उन्हात लखलखणारे, भोवती गडद दोऱ्याची गोल किनार असलेले. कडा शोधणाऱ्याला तर मेजवानीच! कॅमेऱ्याने ती पटकावली.

आरशांची आणखी एक करामत आहे आणि ती मला फार आवडते. कॅमेऱ्याने आरशाची किनार धरली तर फोकस कांचळीवर बसतो. पण आरशात दिसणारं प्रतिबिंब धरलं, तर फोकस आरशाच्याही पलीकडे जातो! कारण आरशातली वस्तू आरशावर नसते. प्रकाश वस्तूपासून आरशापर्यंत आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत, असा दोन्ही टप्प्यांचा प्रवास करून येतो आणि भिंगाला तेवढं सगळं अंतर धरून बसावं लागतं. आजींच्या आरशात लांबचा मंडप चमकत असेल, तर कॅमेरा त्या मंडपाच्या अंतराच्या मागे लागू शकतो.

१९७८ मध्ये पोलरॉइड कंपनीने एक कॅमेरा आणला होता, तो मात्र अशा प्रतिबिंबाला अजिबात फसला नसता. तो वटवाघळासारखा आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळाने परत येतो यावरून अंतर काढायचा. अंधारातही त्याचं काम चाले. पण खिडकीच्या काचेतून बाहेरच्या माणसाचा फोटो काढायला गेलात की पंचाईत! आवाज काचेवरूनच परत यायचा आणि फोकस काचेवर बसायचा.

"पण माझा फोन तर चेहऱ्याभोवती चौकट दाखवतो!" असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेलच. खरं आहे. २००१ मध्ये पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स या दोघांनी चेहरा झटपट ओळखण्याची एक सुंदर युक्ती काढली. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद असतो, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ असतो, असे गडद-उजळ चौकोन चित्रभर शोधत जायचं. आता यंत्रं असंख्य फोटो पाहून शिकतात आणि थेट डोळासुद्धा ओळखतात. तरीही चेहरा तिरका असेल, ओढणीची सावली कपाळापासून गालांपर्यंत पसरली असेल किंवा घुगरी डोळ्यांपाशी येत असेल, तर चौकट गायब होऊ शकते. चौकट गेली की कॅमेरा पुन्हा चमकदार कडांच्या मागे!

म्हणून चुकलेला फोटो लगेच पुसून टाकू नका. तो मोठा करा आणि त्यात एखादी तरी स्पष्ट गोष्ट आहे का ते शोधा. सगळा तपास तिथून सुरू होतो.

आजी धूसर आणि मागचा झेंडा स्पष्ट? फोकस मागे गेला. दोघी बहिणी शेजारी उभ्या असतील तर हे हमखास होतं. फोकसची चौकट मधोमध असते आणि मधोमध तर दोघींमधली फट! कॅमेरा इमानदारीने फटीतून पलीकडची भिंत टिपतो.

कान स्पष्ट, डोळे धूसर? हा तपास जरा बारीक आहे. लग्नात फोटो काढणाऱ्या दादांकडचा मोठा कॅमेरा आठवा. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला ८५ मिलिमीटरचं भिंग लावलं, त्याचं तोंड एफ १.८ इतकं उघडं ठेवलं आणि माणूस दीड मीटरवर असला, तर पुढून मागून मिळून जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा थर स्पष्ट येतो. डोळ्यापासून कान तर आठ-दहा सेंटिमीटर मागे. दादांनी बटण अर्धं दाबून डोळ्यावर फोकस धरला आणि तेवढ्यात नवरीने हसता हसता मान पुढे केली, की डोळे थराबाहेर आणि कान थरात. भिंगाचं तोंड एफ ५.६ पर्यंत लहान केलं की हाच थर सुमारे दहा सेंटिमीटर होतो. मात्र आत येणारा उजेड खूप कमी होतो, मग नवरीला मंडपातून बाहेर, मोकळ्या सावलीत बोलवावं लागतं.

काहीच स्पष्ट नाही, उलट सगळे ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे लांबलेत? इथे फोकसला बोल लावू नका, तुमचा हात हलला. फक्त आजींचा हात फरफटलाय आणि बाकी सगळं नीट? मग आजी हलल्या. सगळीकडे दुधाळ पडदा आणि दिव्यांभोवती वलयं? फोनच्या भिंगावर घामट बोट लागलंय. मऊ सुती कापडाने हलकेच पुसा. आणि फोन अगदी नाकाशी नेला असेल तर भिंग तेवढं पुढे सरकूच शकत नाही. एक पाऊल मागे या.

एक गोष्ट मात्र तपासात घोटाळा करते. फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये मागचा धूसरपणा बहुतेक वेळा भिंगाने आलेला नसतो, तो नंतर हिशेब करून रंगवलेला असतो. त्यात घुगरीचं एखादं टोक किंवा केसांची बट मागच्या गर्दीत विरघळलेली दिसली, तर ती हिशेबातली चूक आहे. तोच फोटो साध्या मोडमध्ये पुन्हा काढा.

आजींसाठी उपाय तसा सोपा आहे. पडद्यावर त्यांच्या डोळ्यावर बोट टेकवा, त्यातही तुमच्या जवळच्या डोळ्यावर. बऱ्याच फोनमध्ये बोट थोडा वेळ दाबून धरलं की फोकस तिथेच कुलूपबंद होतो. त्यानंतर पुढे-मागे सरकायचं नाही, आजींनीही नाही आणि तुम्हीही नाही. लागोपाठ चार-पाच फोटो घ्या. त्यातल्या एकात तरी डोळा साधतोच.

याच जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळविटांचे फोटो काढणारेही असंच डोळ्यावर नेम धरतात. त्यांना आरशांचा त्रास नाही, पण काळविटाच्या तोंडापुढे डुलणारी गवताची एक काडी तेवढीच खट्याळ असते. शिवाय दुपारी तापलेल्या माळावरची हवा थरथरते, लांबच्या प्राण्याच्या कडाच हलत राहतात आणि कितीही महागडा कॅमेरा चाचपडतो. म्हणून सकाळी लवकर जायचं.

आता एक प्रयोग, घरच्या घरी. आरशाच्या कोपऱ्यात आईची एखादी टिकली चिकटवलेली असेलच. फोन टिकलीपासून साधारण वीतभर अंतरावर धरा आणि पडद्यावर टिकलीवर बोट टेकवा. टिकली ठसठशीत, आरशातला तुमचा चेहरा धूसर. आता आरशातल्या तुमच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. टिकली पसरट, मऊ होऊन जाईल. मग फोन तसाच टिकलीकडे रोखून एकेक पाऊल मागे जात राहा आणि प्रत्येक पावलाला दोन्ही फोटो काढा. किती पावलांनंतर दोघंही एकाच फोटोत स्पष्ट येतात, ते वहीत लिहून ठेवा. आणि ताईचा किंवा काकांचा फोन घेऊन तेच पुन्हा करा, उत्तर बहुधा वेगळं येईल.