शिक्षणाचा खर्च (भाग ७) : शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला तर

महाडीबीटीवर ‘सेंड बॅक’ दिसलं म्हणून शिष्यवृत्ती गेली, असं समजू नका. त्रुटी काढून अर्ज दुरुस्तीसाठी तुमच्याकडे परत पाठवलाय, एवढाच त्याचा अर्थ. ‘रिजेक्ट’ ही गोष्ट वेगळी. परत का पाठवला, त्याचा शेरा लॉगिनमध्येच असतो. आधी तो नीट वाचा, कागदांची धावपळ नंतर. शेरा कळला नाही तर कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या बाबूंना विचारा. पहिली छाननी त्यांच्याच टेबलावर होते.

कॉलेजातून अर्ज पुढे कोणाकडे जातो, हे ठाऊक नसल्यानं मारेगावच्या पालकांची मजुरी बुडते. मारेगाव-वणीच्या कॉलेजातल्या आदिवासी मुलांचे अर्ज पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे जातात, अनुसूचित जातीच्या मुलांचे यवतमाळच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे. पण मुलगी नागपूरला शिकत असेल, तर यवतमाळला खेटे घालून काही हाती लागत नाही. तिचा अर्ज नागपूरच्या कार्यालयात असतो.

खरी गाठ उत्पन्नाच्या दाखल्याशी. अनुसूचित जाती आणि जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. कोरडवाहू कास्तकाराचं उत्पन्न दरवर्षी सारखं कसं राहील? एका साली कापूस बरा पिकतो, दुसऱ्या साली अतिवृष्टीनं बोंडं सडतात. दाखल्यातला आकडा वस्तुस्थितीपेक्षा जास्त वाटला तर गप्प बसू नका. तलाठ्याच्या चौकशीच्या वेळीच सातबारा, कापूसविक्रीच्या पावत्या आणि नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत समोर ठेवा. दाखला आधीच हाती आला असेल तर हेच कागद जोडून तहसीलदारांकडे फेरचौकशीचा अर्ज द्या.

दाखला मुदतीत मिळाला नाही किंवा नाकारला गेला, तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा तुमच्या पाठीशी आहे. नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं. त्यावर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे दाद मागता येते. सबळ कारणाशिवाय सेवा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हा कायदा गरिबाच्या किती कामाचा आहे, हे गावोगाव सांगायला हवं.

तक्रार लिहिताना गरिबीचं वर्णन थोडक्यात आटपा. अर्ज क्रमांक, शेऱ्याची तारीख, त्यावरचं तुमचं उत्तर आणि जोडलेले कागद एवढं स्पष्ट हवं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. पुढच्या साहेबांसमोर तीच प्रत चालते.

अर्ज मंजूर दिसतो पण पैसे येत नाहीत, अशा वेळी बँकेत जा. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच पडते, आणि कधीकाळी उघडलेलं दुसरंच खातं आधारला जोडलेलं निघतं.

(पुढील भागात : वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ‘स्वाधार’ आणि ‘स्वयंम’)