पानांतला बहुरूपी

झाडावरून गळलेले पान चालू लागले तर आपण भुताटकीच म्हणू! परंतु १५२१ साली मॅगेलनच्या ताफ्यातील इटालियन प्रवासी पिगाफेट्टा याने बोर्निओनजीकच्या एका बेटावर हाच चमत्कार पाहिला. त्याने असले एक 'पान' नऊ दिवस डबीत ठेवले आणि ते नुसत्या हवेवर जगते, असे ठरवून टाकले.

ते होते पर्णकीटक. त्याचा आहार हवेचा नाही, झाडपाल्याचा! आपल्या सह्याद्रीच्या सदाहरित रानांतही त्याचे भाईबंद आहेत. मादीने पुढचे पंख मिटले, की मधली शीर आणि उपशिरा हुबेहूब पानाच्या. कडेला कुरतडल्यासारखे तपकिरी डाग, पायांनाही पानांच्या तुकड्यांसारख्या झालरी. वाऱ्याने फांदी हलली की हीही डुलते. अंडी बियांसारखी, पिल्लू जन्मतः तांबूस, पाला पोटात गेला की हिरवे होते. मौज अशी, की पेटीत दाटीने पाळले तर हे कीटक शेजाऱ्यालाच पान समजून त्याची कड कुरतडतात!

हे सोंग वाशिम जिल्ह्यात, काटेपूर्णेच्या रानात वठेल काय? उन्हाळ्यात तिथला साग निष्पर्ण होतो. उघड्या फांदीवरचे एकुलते एक हिरवे पान पाखराच्या नजरेतून सुटायचे नाही. शिवाय खायचे काय, हा प्रश्न आहेच. अशा पानझडी मुलखात काडीसारख्या दिसणाऱ्या त्याच्या चुलतभावाचे बरे निभते. वाळक्या फांद्यांत काडी खपून जाते आणि जमिनीवर टाकलेली अंडी कित्येक महिने पाचोळ्यात पडून राहू शकतात. सोंग तेच चालते, जे रानाला शोभते.

याचा पुरावा जर्मनीत मिळाला. मेसेल येथे सापडलेल्या एका पर्णकीटकाच्या जीवाश्माचे वर्णन २००७ साली प्रसिद्ध झाले. वय सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षे. रूप मात्र आजच्या नरासारखेच! त्या काळी तिथे उष्ण, दमट अरण्य होते. पुढे हवा थंडावली, ते अरण्य गेले आणि आज युरोपच्या रानांत पर्णकीटक उरलेला नाही. सोंगात काही उणे नव्हते. ज्या पानांत मिसळायचे ती पानेच राहिली नाहीत.

सह्याद्रीतल्या बारमाही हिरव्या राईवर कुऱ्हाड पडते, तेव्हा या बहुरूप्याचे अन्न, घर आणि सोंग, तिन्ही एकाच घावात जातात.