बोर्डावरचा लेप

मुंबईत किंवा रत्नागिरीत एसी दुरुस्त करणाऱ्याला विचारा, बोर्ड का गेला? ‘खारी हवा,’ एवढंच उत्तर येतं. ते खरं आहे, पण अर्धं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. मग बोर्डावरच्या पार्टांच्या शेजारशेजारच्या दोन पायांमध्ये विजेला नको तिथे वाट मिळते. व्होल्टेज चालू असेल तर एका पायावरचं कथील किंवा तांबं विरघळून दुसऱ्यावर जमतं आणि तिथून परत पहिल्याच्या दिशेनं बारीक फांद्या फुटाव्यात तसं वाढत जातं. फांदी पोचली की शॉर्ट.

हे टाळण्यासाठी बोर्डावर पारदर्शक लेप देतात, त्याला कॉन्फॉर्मल कोटिंग म्हणतात. अॅक्रिलिक, पॉलियुरेथेन, सिलिकॉन, इपॉक्सी असे त्याचे प्रकार. अॅक्रिलिकचा थर साधारण ३० ते १३० मायक्रॉनचा असतो. खाडी-नाल्याकाठी मात्र सिलिकॉनवर विसंबू नये. तिथल्या हवेतला गंधकाचा वायू त्यातून सहज आत जातो आणि रेझिस्टरमधली चांदी काळी पडते.

लेप दिला की बोर्ड वॉटरप्रूफ झाला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. पाण्याची वाफ या सगळ्याच लेपांतून हळूहळू आत शिरते. लेप बोर्डाला घट्ट चिकटलेला असेल तर तिला पाणी होऊन साचायला जागा मिळत नाही, इतकंच. म्हणून या कामात फवारणीपेक्षा धुणं मोठं. सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स किंवा बोटांचा घाम लेपाखाली राहिला, तर नेमक्या तिथेच पाणी जमतं आणि फोड येतो.

बोर्ड धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून, कनेक्टर आणि बटणांवर टेप लावून मग फवारा मारतात. लेपात बहुधा चमकणारं द्रव्य घातलेलं असतं. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरला की बोर्ड निळसर उजळतो आणि राहिलेली जागा काळी दिसते. आयसीच्या पायांच्या धारदार कडा हमखास दगा देतात, कारण ओला लेप कडेवरून ओघळून सपाटीवर साचतो.

पॅरिलिन नावाच्या लेपात ही अडचण नाही. मायकेल श्वार्त्स यांना १९४७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात त्याचा शोध लागला. विल्यम गॉरहॅम यांनी पुढे युनियन कार्बाइडमध्ये ते कारखान्याच्या कामाचं केलं. यात द्रव नसतोच. पूड तापवून वाफ करायची, सुमारे ६८० अंशांना तिचे रेणू तोडायचे, आणि निर्वात पेटीत ते थंड बोर्डावर सगळीकडून सारखे बसतात. पेसमेकरसारख्या शरीरात बसवायच्या उपकरणांसाठी हा खर्च परवडतो. घरच्या एसीसाठी नाही.

आणि परवडला तरी माझं मत अॅक्रिलिकलाच. पॅरिलिन बहुधा खरवडूनच काढावं लागतं. वॉशिंग मशीनचे बरेच बोर्ड तर रबरासारख्या पॉलियुरेथेनमध्ये बुडवलेले असतात. पाण्यापासून वाचतात, पण बिघडल्यावर मेकॅनिक त्यांना शिव्या घालतो आणि नवा बोर्ड गळ्यात मारतो. अॅक्रिलिक थिनरनं निघतं, पार्ट बदलता येतो. फक्त दुरुस्तीनंतर त्या जागेवर पुन्हा लेप द्यायला दुकानात फार थोडे जण थांबतात. स्प्रेचा डबा सहज मिळतो. बोर्ड परत बसवण्याआधी तेवढं विचारून घ्यावं.