नाथसागरातील बेटे : पक्षिजीवन आणि संवर्धनाचा प्रश्न

उष्णकटिबंधातील बेटे म्हटली की मॉरिशस, अंदमान अशी सागरवेष्टित नावे डोळ्यांपुढे येतात. मॉरिशसचा डोडो सतराव्या शतकात नामशेष झाला तो केवळ शिकारीमुळे नव्हे. माणसाबरोबर आलेल्या डुकरे, उंदीर, माकडे यांनी त्याची जमिनीवरील अंडीही खाल्ली. बेटावरील पक्ष्याचे संरक्षण भोवतालचे पाणी करीत असते. शत्रूने ते ओलांडले की पक्षी निराधार होतो. हे सूत्र ध्यानी घेतले तर समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्यातही बेटांच्या परिस्थितिकीचा विचार अगत्याचा ठरतो.

पैठण येथील जायकवाडी धरणाचे लोकार्पण १९७६ मध्ये झाले. शंभराहून अधिक गावांच्या जमिनी गेल्या आणि सुमारे ३५० चौ. कि.मी. विस्ताराचा उथळ नाथसागर निर्माण झाला. त्यात उरलेले उंचवटे म्हणजेच आजची सुमारे ३० बेटे. १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. पट्टकादंब, चक्रवाक, रोहित या हिवाळी पाहुण्यांचे येथे मोठे कौतुक होते. परंतु बेटांची खरी गरज आहे ती जमिनीवर अंडी घालणाऱ्या स्थानिक पक्ष्यांना.

नदी सुरय हा त्यांपैकी महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० मध्ये त्याची गणना असुरक्षित जातींत केली. नद्यांचे वाळवंट वाळूउपशाने नष्ट होत गेले, तसा या पक्ष्याला जलाशयांतील उघड्या बेटांचा आधार उरला. कर्नाटकातील भद्रा जलाशयाच्या बेटांवर त्याच्या मोठ्या वसाहती आहेत. तो घरटे विणत नाही, वाळूत वा खडीत केलेल्या खळगीत अंडी घालतो, आणि तेही प्रामुख्याने मार्च ते मे या काळात.

नेमक्या याच महिन्यांत जलाशय आटतो. नाथसागराचा तळ सपाट असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी विस्तीर्ण जमीन उघडी पडते आणि बेट किनाऱ्याला जोडले जाते. मग कुत्री, कोल्हे, गुरे घरट्यांपर्यंत पोहोचतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेराही होतो. धरणात जमीन गमावलेल्या कुटुंबांकडे पाहता त्यास केवळ अतिक्रमण म्हणून मोकळे होणे न्याय्य वाटत नाही.

पनामा कालव्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी निर्माण झालेल्या गातून जलाशयात बारो कोलोरॅडो ही टेकडी बेट बनली. पुढील काळात तेथून जंगलाच्या तळाशी वावरणाऱ्या पक्ष्यांच्या अनेक जाती नाहीशा झाल्या. मॅकआर्थर व विल्सन यांच्या १९६७ च्या सिद्धान्तानुसार लहान व एकाकी बेटावर जातींची संख्या घटते. तेथे विलगतेने हानी केली. नाथसागरात मात्र विलगता हेच वरदान आहे आणि ते वर्षातून काही महिनेच टिकते.

बेटांचे आयुष्य असे पाणीवाटपावर अवलंबून आहे. मेंढेगिरी समितीचा २०१३ चा अहवाल आणि त्यातून पुढे आलेले ६५ टक्के साठ्याचे सूत्र यांवर नाशिक, नगर व मराठवाडा यांच्यात प्रदीर्घ वाद झाला. त्यात सिंचन, उद्योग, पिण्याचे पाणी सारे होते; विणीच्या काळातील पातळीचा मुद्दा मात्र प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आला नाही.

आता तरंगत्या सौरपटलांचा प्रश्न आहे. कहार समाजाच्या पंच समितीने या प्रकल्पाविरुद्ध केलेली याचिका राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये फेटाळली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. कायदेशीर वाद मिटला तरी पटले कोठे असावीत हा परिस्थितिकीचा प्रश्न शिल्लक राहतोच. खोल पाण्यावरील पटल आणि बेटालगतच्या उथळ पट्ट्यावरील पटल यांत फार अंतर आहे. सुरय मासे टिपतो तो बहुधा याच उथळ पट्ट्यात. म्हणून मार्च ते मे या काळात कोणती बेटे पाण्याने वेढलेली राहतात, याची पातळीनिहाय नोंद आधी व्हावयास हवी. ती परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व भूगोल विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगी आहे.