पहिलटकरीण आणि हिवताप

हिवताप एकदा अंगवळणी पडला म्हणजे त्याचे भय उरत नाही, अशी एक समजूत आहे. ती अगदीच निराधार नव्हे. आफ्रिकेत ज्या गावी हिवतापाचा सतत वावर असतो, तेथे लहान मुले त्याने दगावतात. परंतु वाचून मोठ्या झालेल्यांना तो सहसा प्राणघातक होत नाही. 1961 साली कोहेन, मॅकग्रेगर व कॅरिंग्टन या संशोधकांनी गँबियातील अशा प्रौढांच्या रक्तातून प्रतिद्रव्ये वेगळी काढून आजारी मुलांना टोचली, तेव्हा त्या मुलांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने घटले. रोगाशी झुंजताना शरीर जी विशिष्ट द्रव्ये रक्तात निर्माण करते, त्यांस प्रतिद्रव्ये म्हणतात.

मग तेथीलच धडधाकट तरुणी प्रथम गरोदर राहताच पुन्हा हिवतापास बळी का पडते? हा प्रश्न दीर्घकाळ सुटला नव्हता. गरोदरपणी प्रतिकारशक्ती क्षीण होते, एवढे उत्तर पुरेसे नाही. कारण तसे असते तर तिसऱ्या-चौथ्या खेपेसही तितकाच त्रास झाला असता. तेथे तसा होत नाही.

उलगडा वारेत सापडला. फॅल्सिपॅरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला म्हणजे तिच्या पृष्ठभागावर आपले एक प्रथिन उभे करतो व त्याच्या आधाराने ती पेशी रक्तवाहिनीस चिकटवून ठेवतो. या प्रथिनाची रूपे अनेक आहेत. 1996 मध्ये फ्रीड व डफी यांनी पश्चिम केनियातील बाळंतिणींच्या वारा तपासून दाखविले की, वारेत जमलेल्या पेशी काँड्रॉइटिन सल्फेट नावाच्या शर्करायुक्त द्रव्यास चिकटतात. वार गर्भारपणीच असते. म्हणून तिला चिकटणारे रूप त्या स्त्रीच्या रक्ताने पूर्वी ओळखलेलेच नसते. जन्मभर मिळविलेली प्रतिद्रव्ये जुन्या रूपांवर चालतात. या नव्या रूपापुढे पहिलटकरीण लहान मुलाइतकीच कोरी असते. पुढील गर्भारपणांत मात्र त्यास अडविणारी प्रतिद्रव्ये वाढत जातात. 1998 मध्ये असेही आढळले की, एका खंडातील स्त्रियांची ही प्रतिद्रव्ये दुसऱ्या खंडातील परजीवींनाही चिकटू देत नाहीत. लशीची आशा यातूनच निर्माण झाली. तशा लशींच्या प्राथमिक चाचण्याही झाल्या आहेत.

आता आपल्याकडचे पाहू. महाराष्ट्रात, अगदी गडचिरोलीच्या जंगलपट्टीतही, आफ्रिकेइतका अखंड संसर्ग नसतो. त्यामुळे येथील स्त्रीस तसे संरक्षण क्वचितच लाभते, आणि 'हिचे हे तिसरे, हिला काय होणार' असे म्हणणे धोक्याचे ठरते. तिला तीव्र ताप येऊ शकतो, गर्भपातही होऊ शकतो. उलट जिच्या अंगी काही प्रतिकारशक्ती आहे तिला ताप येतोच असे नाही. परजीवी वारेत दडतात, बोटाच्या रक्तात कधी दिसतही नाहीत. ती फिकट पडते, धाप लागते, आणि मूल कमी वजनाचे जन्मते. घरची माणसे हा अशक्तपणा पहिलेपणावर घालतात.

अशी स्त्री विद्यार्थ्याच्या घरी असल्याचे कळल्यास आशा कार्यकर्तीस किंवा आरोग्य उपकेंद्रास निरोप धाडून रक्त तपासून घ्यावे. घरात उरलेल्या गोळ्या मात्र तिला कोणी देऊ नयेत. हिवतापावर दिले जाणारे प्रायमाक्वीन गरोदर स्त्रीस वर्ज्य आहे. औषध कोणते व किती, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.