मिक्सर नेमका कुणी केला?

मैत्रिणींनो, आपल्या शहागडात मिक्सर बंद पडला की तो मोटार बांधणाऱ्याकडे जातो. बोलणं होतं ते मोटारीचं, नाहीतर कंपनीचं. झाकण दाबून धरताना मनगट का भरून येतं, हे कुणी विचारत नाही. माझी जाऊ तर म्हणते, "येसर वाटायला घेतला की जळका वास सुटतो बघ, आपल्या मसाल्यासाठी नाहीच केलेला तो!"

तिचं खोटं नाही. मुंबईच्या माधुरी माथुर यांच्याकडे ब्राउनचा परदेशी मिक्सर होता. फळं, मऊ भाज्या यांना तो ठीक. पण भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, अख्खी हळद म्हटलं की अशा मोटारीची परीक्षाच. तो बिघडला आणि दुरुस्तीची सोय इथं नव्हती. पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर. त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पुरेल अशी दणकट मोटार बनवली. १९६३ मध्ये कंपनी निघाली आणि 'सुमीत' घराघरांत गेला. गोष्ट सांगताना लोक मोटार त्यांची म्हणतात आणि बिघाड तिचा! मला हे पटत नाही. मिक्सरनं काय काय वाटायला हवं, हे रोज वाटणाऱ्या बाईनंच तर दाखवलं होतं.

मतदान यंत्राचंही तसंच आहे. ते बनवतात बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्याचं बाह्य रूप आणि ठेवण ठरवण्यात मुंबईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे ए. जी. राव आणि रवी पूवैया यांचा हात होता. चिन्ह बघायचं, त्याच्यासमोरचं निळं बटण दाबायचं. अक्षर न ओळखणाऱ्या आजीलाही कुणाला विचारावं लागत नाही. आतली तारांची करामत कितीही मोठी असो, आजीची गाठ पडते ती त्या बटणाशीच.

कायद्यातही दुजाभाव आहे बरं का. १९७० च्या पेटंट कायद्यात कलम २८ आहे. पेटंट कंपनीच्या मालकीचं असलं तरी शोध लावणाऱ्याचं नाव त्यावर घालता येतं. २००० च्या डिझाइन कायद्यात मात्र नोंद होते मालकाची, आणि मोबदला देऊन काम करून घेणारा तो मालक. पगारावर आकार काढणाऱ्या पोरीनं मग आपलं नाव शोधायचं कुठं?

तरी हे शिक्षण मुलींनी घ्यावं, असं मला वाटतं. बारावीनंतर 'यूसीड' नावाची परीक्षा असते, मुंबई आयआयटीच घेते. सायन्सच लागतं असं नाही, आर्ट्स-कॉमर्सच्या मुलीही बसू शकतात. परीक्षा जानेवारीत होते आणि अर्ज त्याआधी काही महिने निघतात, तेव्हा वेळेत चौकशी करून ठेवा.