मुक्या अक्षरांचा अधिकार

संस्कृत व्याकरणाचा ज्यांनीं थोडासाहि परिचय करून घेतला आहे, त्यांस पाणिनीचीं 'इत्' अक्षरें ठाऊक असतीलच. 'क्त' प्रत्ययांतील ककार तयार शब्दांत कोठेंहि दिसत नाहीं. त्याचा लोप होतो. परंतु 'कृ' धातूस हा प्रत्यय लागून 'कृत' असें रूप होतें, 'कर्त' होत नाहीं, तें त्या लुप्त ककाराच्या आज्ञेमुळेंच. स्वतः कांहीं न बोलतां दुसऱ्याचें रूप ठरविणारीं अशीं अक्षरें सजीवांच्या पेशींतहि आहेत. त्यांचें एक उदाहरण भाताच्या एका वाणांत सांपडलें असून त्याचा संबंध कोट्यवधि लोकांच्या अन्नाशीं येतो. म्हणून तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

भाताच्या प्रत्येक फुलांत सहा पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र नांदतात, त्यामुळें फूल आपल्याच परागानें फळतें. दोन भिन्न वाणांचा संकर केला असतां पहिल्या पिढीचें पीक अधिक येतें, हें खरें. पण एका फुलापासून दाणा एकच मिळावयाचा, तेव्हां फुलाफुलांतील पुंकेसर चिमट्यानें काढीत बसणें कोणास परवडावें? म्हणून ज्याचा पराग जन्मतःच वांझ आहे असें रोप मातेच्या जागीं लागतें. आपल्याकडे १९६४ सालीं आलेली पहिली संकरित ज्वारी, जिला शेतकऱ्यांनीं 'हायब्रीड' हेंच नांव दिलें, तीहि अशाच पुंवंध्य मातेची संतति होय. मात्र अशा मातेचा वंश चालविण्यासाठीं आणखी एक निराळा वाण कायम सांभाळावा लागतो.

चीनच्या हूबै प्रांतांत १९७३ सालीं शी मिंगसोंग यांस 'नोंगकेन ५८' या भाताच्या शेतांत कांहीं विलक्षण रोपें आढळलीं. उन्हाळ्याच्या दीर्घ दिवसांत तीं फुलावर आलीं तर पराग वांझ राही. दिवस लहान होऊं लागले म्हणजे तींच रोपें आपल्या परागानें दाणे धरीत. एका ऋतूंत संकराची माता व दुसऱ्या ऋतूंत स्ववंशाचें बीज देणारी, अशीं दोन्ही कामें एकाच वाणानें साधलीं आणि त्या निराळ्या वाणाची गरज उरली नाहीं.

याचें मर्म वूहानच्या हुआझोंग कृषि विद्यापीठांतील झांग चीफा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. डीएनएच्या मूळ लेखावरून पेशी आरएनए नांवाची नक्कल उतरून घेते, व अशा कांहीं नकलांवरून प्रथिनें तयार होतात. येथें सांपडलेली नक्कल १२३६ अक्षरांची असूनहि तिच्यापासून कोणतेंच प्रथिन होत नाहीं. तरी दीर्घ दिवसांत ती पुरेशी नसेल तर पराग पोसला जात नाहीं. पुंवंध्य वाणांत मूळ लेखांतील केवळ एक अक्षर बदललें आहे. तेवढ्यानें ही नक्कल कमी पडते व परागकोशांतील पेशी अकालीं मरतात. त्याच वर्षीं दुसऱ्या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, हाच अक्षरबदल 'पैआय ६४ एस' या वाणांत गेल्यावर दिवसाच्या लांबीऐवजीं उष्णतेप्रमाणें पराग वांझ करितो. त्यांच्या मतें याचें कारण अवघ्या २१ अक्षरांचा एक आरएनए होय. पुढें २०१६ सालीं नोंगकेनच्या त्याच वंशांत दुसरा एक दीर्घ आरएनए सांपडला. त्याचे कापून २१ अक्षरांचे तुकडे होतात, आणि दीर्घ दिवसांत वांझ रोपांत ते अधिक साचतात.

या ज्ञानाची किंमत शेतांत कळते. उष्णतेवर अवलंबून असणारी माता बीजोत्पादनाच्या ऐन वेळीं गारवा पडला तर सुपीक होते व स्वतःचेच दाणे संकरित बियाण्यांत मिसळते. १९८९ सालच्या उन्हाळ्यांत चीनमध्यें अवेळीं थंडी पडून अशीच फजिती झाली होती. असें भेसळ झालेलें बीं पैसे मोजून नेणाऱ्याचा हंगाम बुडतो, आणि पेरलें तें काय होतें हें त्यास लोंब्या आल्यावरच कळतें. त्यामुळें ही कळ कोणत्या अक्षरानें फिरते व किती गारव्यानें उलटते, हें जाणणें हा पोटापाण्याचाच प्रश्न आहे.

प्रथिन न देणाऱ्या मजकुरास 'कचरा' म्हणण्याची एके काळीं शास्त्रज्ञांत प्रथा होती. ज्याचा अर्थ आपणांस लागला नाहीं तें निरर्थकच, असें म्हणण्याची घाई व्याकरणांत चालत नाहीं. सृष्टीच्या वाचनांतहि ती न केलेलीच बरी.